नव्याचा घास

पावसाला आता जायची वेळ झाली, हे त्याला सांगणार कोण? दसऱ्याचं सोनं वाटून माणसं घरी आली, जेवली, झोपली आणि सकाळी उठून बघतात तर गुणाजीच्या तिन्ही खाचरांतलं भात आडवं! हळवं भात ते, लवकर पिकणारं. लोंब्या पिकून पिवळ्या झालेल्या, दोन दिवसांत विळा लागायचा होता. त्या सगळ्या लोंब्या आता घोटाभर पाण्यात लोळत होत्या. गुणाजीची बायको शेवंती बांधावर उभी राहून बघत होती. कोणालाही वाटलं असतं, बाई नुकसान मोजतेय. छे! तिने मान वळवून घराकडे पाहिलं. ओटीवर तिची सून ऐश्वर्या आठव्या महिन्याचं पोट सांभाळत दात घासत उभी होती. तिला बघून शेवंती पुनवेपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागली.

नव्याची पुनव चार दिवसांवर होती. कल्याणजवळच्या मोहन्याच्या पलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला असलेल्या या गावात चाल अशी, की आश्विनातल्या पुनवेला नवा तांदूळ शिजवून पहिला घास गावदेवीला द्यायचा, मग घरातल्यांनी खायचा. त्याआधी नवा दाणा तोंडात जाता कामा नये आणि उंबऱ्याबाहेरही जाता कामा नये. आता निम्म्या गावाने शेतं विकून चार-चार मजले चढवलेत, खोल्या भाड्याने दिल्यात. ती माणसं दुकानातला कोलम शिजवून देवीपुढे ठेवून येतात. देवी काही बोलत नाही.

शेवंतीचं मात्र तसं नव्हतं. एकतीस वर्षं झाली, पुनवेच्या दिवशी ती पाण्याचा थेंब घेत नसे. संध्याकाळी अनवाणी जायची, खाली मान घालून ताट ठेवायची, "सांभाल माये, चुकलं-माकलं पदरात घे," एवढं पुटपुटायची आणि मागे न बघता घर गाठायची. देवीच्या तोंडाकडे तिने इतक्या वर्षांत डोळे वर करून पाहिलेलं नव्हतं. गावातल्या बाया म्हणत, शेवंतीसारखी भक्ती कोणाची नाही. ते ऐकलं की तिला घाम फुटायचा.

आता भात कापायला माणूस कुठून आणायचं? गुणाजी खाटेवर. आठ दिवसांपूर्वी खाचरात कोणीतरी फेकलेली फुटकी बाटली त्याच्या पायात घुसली होती, सहा टाके पडले होते. मुलगा सूरज डोंबिवलीला कंपनीत, बारा-बारा तासांची ड्यूटी. असलेली सुट्टी त्याने बाळंतपणासाठी राखून ठेवलेली. शेवंती चार घरं फिरली. शेजारच्या विनिताच्या घरी चार बाया टीव्हीपुढे बसल्या होत्या.

"आता चिखलात कोण जातंय, काकी? मशीनवाल्याला बोलवा ना," विनिता म्हणाली.

"पान्यात मशीन नाय येत, बाय."

"मग पुनवेला आमच्याकडचा तांदूळ न्या की डबाभर. देवीला काय कळतंय?"

बाकीच्या हसल्या. शेवंतीही हसली, हसणं भागच होतं. घरी येऊन तिने लुगड्याचा काष्टा मारला, विळा घेतला आणि एकटीच खाचरात उतरली.

पहिल्या दिवशी अर्धं खाचर झालं. आडवं पडलेलं भात कापणं म्हणजे कंबरेची परीक्षा. एका हाताने चिखलातली मूठ उचलायची, झटकायची, मुळाशी विळा घालायचा आणि कापलेलं बांधावर नेऊन टाकायचं. गुणाजी काठी टेकत बांधापर्यंत आला आणि फतकल मारून बसला.

"ऱ्हाव दे ना गो. यंदा नाय झालं तर नाय झालं. देवी काय पोलीस हाय का पकडून न्यायला?"

"तुमी गप बसा!" ती अशी ओरडली की पाण्यातला बगळा उडाला. गुणाजीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याने हाताशी आलेली एक लोंबी झटकून बांधावरच्या भातात ठेवली. काठी टेकत परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमाबाई आली. ही मोहन्याच्या चाळीत राहणारी. तीन वर्षांपासून शेवंतीकडून माठ, मुळा, अंबाडी घ्यायची आणि मोहन्याच्या बाजारात बसून विकायची. नवरा जगन पूर्वी गिरणीकामगार, आता कल्याणला एका टॉवरवर वॉचमन. बाई साठीला आलेली, पण ताठ. टोपली घेऊन ती परसात गेली, तिथे कोणी नाही म्हणून शेताकडे आली आणि चिखलात ओणवी झालेली शेवंती तिला दिसली.

"अगं, एकटीच?"

"मंग कोन येतंय?"

रमाबाईने टोपली बांधावर ठेवली, चपला काढल्या, साडी खोचली. "दे दुसरा विळा."

"तुझा बाजार?"

"बाजार कुठे पळून जातोय?"

माहेर तिचं नगरकडचं. ज्वारी-बाजरी कापत वाढलेली, भाताच्या पाण्यात आयुष्यात पाय घातला नव्हता. पहिल्याच पावलाला घसरली आणि कंबरेपर्यंत चिखलात बसली. शेवंती धावली, तर ही आपली हसतेय! "हे बरंय तुमचं, बसून कापायचं," म्हणाली. तासाभरात तिचा हात बसला. तिसऱ्या दिवशीही ती आली. दुपारी दोघी बांधावर भाकर खायला बसल्या तेव्हा तिसरं खाचर संपत आलं होतं. शेवंतीला वाटलं, हिच्या पाया पडावं.

"मजुरी काय देऊ गो तुला?"

"पैसे नको. पायलीभर तांदूळ दे. नवा." रमाबाईने मिरचीचा तुकडा मोडला. "पुनवेला वर्षावास संपतो आमचा. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वाचन चालतं, शेवटच्या दिवशी खीर करतो सगळ्या चाळीला. म्हटलं, यंदा नव्या तांदळाची करावी. वास काय सुटेल!"

शेवंतीचा घास हातातच राहिला. "पुनवेला? कवा?"

"खीर संध्याकाळी. तांदूळ दुपारपर्यंत लागेल."

"नाय जमायचं, रमाबाय. संध्याकाली आमचं नवं होतं. देवीला दिल्याबिगर दाना बाहेर नाय जात. दुसरं काय पन माग."

कोणी दुसरी असती तर विळा टाकून गेली असती. दोन दिवस मरायचं आणि पायलीभर तांदळालाही नाही? रमाबाई पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं. "नाही तर नाही. दुसऱ्या दिवशी दे, घरी खाऊ. खीर रेशनच्या तांदळाचीपण होते." आणि उठून पुन्हा पाण्यात उतरली. शेवंती तिच्या पाठीकडे बघत राहिली.

संध्याकाळी भारे वाहताना तिला राहवलं नाही.

"तुझा देव कोपतो का गो?"

"देव नाही तो. माणूस होता."

"ते ऱ्हाव दे. कोपतो का?"

"नाही."

"तू रोज पहाटे उठून विहार झाडतेस. एक दिवस नाय झाडलास तर?"

"तर कचरा राहील," रमाबाई म्हणाली.

"चेष्टा नको करू. काय करत नाय, कोपत नाय, मंग तू मरतेस कशाला?"

रमाबाईने डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवडतं मला, म्हणून. आता हे काय विचारणं झालं! माझी आजी सांगायची, त्यांच्या घरात मरीआई होती. नुसतं नाव निघालं तरी माणसं थरथरायची. पोर शिंकलं की कोंबडं, कोणी पडलं की कोंबडं. मग धम्म घेतला, आणि आजोबांनी टोपलीत घालून तिला नदीत सोडली. आजी आठ दिवस झोपली नाही. आता कोण मरतंय, आता कोण मरतंय. नवव्या दिवशी म्हणे अशी झोपली, की दुपारी उठवावी लागली."

"आनि कोन मेलं?"

"आजोबा. त्र्याऐंशीव्या वर्षी." एवढं बोलून रमाबाईने भारा उचलला.

कापणी झाली, पण भात सुकायचं कसं? ऊन म्हणावं तर अर्धा तास, की पुन्हा आभाळ. घराच्या गच्चीवर ताडपत्री पसरली, उरलेलं खाली ओटीवर पसरून सूरजच्या खोलीतला पंखा लावला. पेंढ्या खाटेच्या कडेवर झोडल्या. गुणाजी बसल्या जागी दाणे चोळून बघायचा आणि मान हलवायचा. चौथ्या दिवशी ऊन आलं, कडक, चटका लावणारं, आणि शेवंतीने आभाळाला हात जोडले. पुनवेच्या सकाळी दोन गोणी गिरणीतून भरडून आल्या. पांढरा, किंचित लालसर तांदूळ, आणि त्याचा वास साऱ्या घरात.

रमाबाई त्याही दिवशी आली. तांदळाचं नाव तिने काढलं नाही, सूप घेतलं आणि पाखडायला बसली. गुणाजी रिक्षाने नारळ आणायला गेला होता. शेवंती सकाळपासून कोरडी. ओठ सुकलेले, डोळ्यांपुढे मधूनच काळोख येत होता. चुलीची जागा सारवून ती बाहेर आली, आणि बघते तर काय! ऐश्वर्या भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात तांदळाचं ताट, खडे निवडता निवडता चिमूट-चिमूट तांदूळ तोंडात टाकतेय. आरामात. कुरुकुरु आवाज येत होता.

"थूक!"

ऐश्वर्या दचकली. शेवंती धावत आली, तिने सुनेचा जबडा धरला. "थूक म्हनते ना! थूक! काय केलंस गो, रांडे, काय केलंस!"

"आई, दुखतंय! अहो मला कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, डॉक्टर बोलली होतं असं... आई!"

शेवंतीचा दुसरा हात वर गेला. तो खाली आलाच असता, पण रमाबाईने मनगट पकडलं. भाताने आणि चिखलाने चिरलेली बोटं, पण पकड अशी की हलता येईना.

"शेवंती. पोटुशी आहे ती. भानावर ये."

आणि शेवंती तिथेच बसली. ओक्साबोक्शी रडायला लागली, साऱ्या अंगाने. ऐश्वर्या घाबरून गेली, स्वतःचं दुखणं विसरून "आई, सॉरी, आई, मी पुन्हा नाही खाणार," म्हणू लागली.

"मी खाल्ला होता," शेवंती म्हणाली. "मीच खाल्ला होता."

"काय?"

"नवा तांदूल. नवं व्हायच्या आदी. आमचा पयला पोर होता, बंटी. तीन वर्षांचा." तिचा आवाज चिरकत होता. "दिवसभर झोडनी करत होते. सासू हौसाबाय, तिच्यापुढं तोंड उघडायची सोय नाय. दुपारचं जेवन मिलालं नव्हतं. पोर भुकेनं रडत होता. मी मूठभर दाने चोलले, मी खाल्ले आनि त्याच्या तोंडात घातले. माझ्या हातानं. तो हसला. आठव्या दिवशी त्याला ताप आला. तापाच्या तिसऱ्या दिवशी गेला. सासू बोलली, या घरात कोनीतरी नवं बाटवलंय. सगल्यांची तोंडं बघितली तिनं. मी गप ऱ्हायले. आजपर्यंत गप हाय."

परसात कोंबड्या माती उकरत होत्या. ऐश्वर्या रडत होती. रमाबाईने शेवंतीचं मनगट सोडलं नव्हतं.

"कुठल्या साली?"

"काय?"

"बंटी कुठल्या साली गेला?"

शेवंतीने सांगितलं. रमाबाई हळूच जमिनीवर टेकली, जवळच.

"तो मेंदूचा ताप होता. दिवाळीच्या आधी साथ आली होती. माझा रत्नदीप त्यातच गेला. चार वर्षांचा." ती सुपातल्या तांदळाकडे बघत बोलत होती. "आमच्या दोन चाळींत सात पोरं गेली, शेवंती. सगळ्यांकडे रेशनचा तांदूळ. कोणी कोणाचं नवं खाल्लं नव्हतं. माझ्या पोराने तर तीन दिवस आधीपासून पाण्याशिवाय काही घेतलंच नव्हतं."

शेवंतीने तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं ही बाई भाजीच्या जुड्या मोजून घेत होती, चहा पीत होती, सुनेच्या पोटाची चौकशी करत होती.

"कधी बोलली नाय तू."

"तू तरी कुठे बोललीस?"

रमाबाईने सूप बाजूला सरकवलं. मग रमाबाई म्हणाली, "तेव्हापासूनच मी विहारात जाते रोज. आधी काय, सणावारी जायचे. रत्नदीप गेला आणि घरात बसवेना. जो तो विचारायचा, डॉक्टरकडे लवकर का नाही नेलंस, काय खायला घातलंस. विहारात समोर तो शांत बसलेला, तो काहीच विचारायचा नाही. तिथे मला रडता यायचं. चार महिने नुसती जाऊन बसायचे. मग वाटलं, फुकट काय बसायचं, झाडून तरी घ्यावं."

ती उठली, माठातून तांब्या भरून आणला. "पी."

"आज मी पानी घेत नाय. नवं झाल्यावर."

"ओठ फुटलेत तुझे. पी आधी."

शेवंतीने तांब्या हातात धरला. थोडं पाणी लुगड्यावर सांडलं. एकतीस पुनवा. मग तिने डोळे मिटले आणि घटाघटा प्यायली, अर्धा तांब्या, वरून, थांबून पुन्हा. ऐश्वर्या तोंड उघडं ठेवून बघत होती. पाणी पिऊन झालं तसं शेवंतीने तिच्या जबड्यावरून हात फिरवला. बोटांचे लाल वळ उठले होते.

"लागलं ना गो बाय? मी आंधली झाले होते. खा तू. तुला पायजे तेवढा खा. पन कच्चा जास्त नको, पोट दुखंल."

आणि ती उठली, कोनाड्यातली पायली काढली आणि गोणीत घातली. शीग लावून भरली, वरून आणखी दोन ओंजळी घातल्या. रमाबाईच्या टोपलीत फडकं अंथरून तांदूळ ओतला.

"अगं, नवं झालं नाही तुझं," रमाबाई म्हणाली. "मला घाई नाही."

"तुमची खीर संध्याकाली हाय ना? मंग ने. दोन दिवस तू कापलंस. लोकं वाट बघत असतील." भीती काही अशी तांब्याभर पाण्याने जात नाही. पण टोपली तिने स्वतः उचलून रमाबाईच्या डोक्यावर दिली, आणि उंबऱ्याबाहेर चार पावलं तिच्याबरोबर गेली.

संध्याकाळी भात शिजला. केळीच्या पानावर मूद, वर तूप, गूळ, नारळ. गुणाजी लंगडत मागून निघाला, दरवर्षी निघायचा तसा. गावदेवी खाचराच्या टोकाला, करंजाच्या झाडाखाली. शेंदूर लावलेला दगड आणि त्याला चांदीचे दोन डोळे. समोर नदीच्या अंगाने चंद्र वर येत होता, मागे इमारतींत दिवे लागत होते.

शेवंतीने पान ठेवलं. सवयीने मान खाली गेली, ओठांवर "सांभाल माये" आलं. मग तिने मान वर केली. सावकाश, पहिल्यांदाच. देवीचा डावा डोळा सैल होऊन वाकडा झाला होता. कानशिलाच्या जागी कोळ्याचं जाळं. दुकानातला कोलम आणणाऱ्यांनी ठेवलेल्या अगरबत्त्यांची राख सगळ्या अंगावर. किती वर्षं झाली असतील? गावभर जिची भक्ती गाजत होती, तिलाच हे कधी दिसलं नव्हतं. तिने पदर ओला केला आणि लहान पोराचं तोंड पुसावं तसं ते तोंड पुसलं. जाळं काढलं. डोळा बोटाने दाबून नीट बसवला. आणि तिथेच, देवीला टेकून, खाली बसली.

"चल गो," गुणाजी बांधावरून म्हणाला. "दरसाल तर पलत जातेस. आज काय?"

"या इकडं. तुमाला सांगायचं हाय."

तो आला, काठीवर भार देत तिच्यापाशी टेकला. तिने सगळं सांगितलं. भूक, मूठभर दाणे, बंटीचं हसणं, सासूचं बोलणं. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. सांगून झालं तसं गुणाजीने काठी जवळ ओढली. तिला वाटलं, आता हा उठून जाईल.

"मना म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय?"

"मी पेंढ्या घेऊन येत होतो तवा. तू पोराला घेऊन झोडनीच्या खलीच्या मागं बसली होतीस. त्याच्या हनवटीला कोंडा लागला होता. मीच पुसला नंतर, आईनं बघू नये म्हनून."

शेवंती त्याच्याकडे वळली. "एकतीस वर्सं? मंग बोलले का नाय तुमी?"

"काय बोलू?" गुणाजी काठीच्या टोकाने माती उकरत बसला. "तू बोलशील, तू बोलशील म्हनून वाट बघत ऱ्हायलो. चुकलंच माझं. पन रागवायला काय होतं त्याच्यात? पोर भुकेला होता, गो."

ती रडली, पण आता आवाज न करता. नदीकडून वारा आला. लांब मोहन्याच्या बाजूने लाउडस्पीकरवर वंदना ऐकू येऊ लागली, आणि शेवंतीला वाटलं, आता खीर उकळत असेल. थोड्या वेळाने गुणाजीने पाय हलवला, टाके ओढले गेले, तो कण्हला.

"चल आता. ऐश्वर्या खोलंबली आसंल भाताला."

"तिला जेवून घ्यायला सांगितलंय मी," शेवंती म्हणाली. "तुमी पाय सरल करा. मना जरा बसू द्या. इतक्या वर्सांत कवा बसलेच नाय हिच्यापाशी."